रंगमंच त्यांचा, निर्णय कोणाचा?

पनवेल, विशेष प्रतिनिधी

दलित, आदिवासी, आगरी, भटके आणि तमासगीर यांचे जगणे नाट्यस्पर्धांमधून वारंवार समोर येते. त्याला टाळ्या मिळतात, पारितोषिकेही मिळतात. मात्र ज्यांचे जगणे रंगमंचावर येते, त्यांच्या हाती त्या रंगमंचाचे किती निर्णय असतात, याची चर्चा क्वचितच होते. झपाट्याने महानगर होत असलेल्या पनवेलसारख्या शहराने या प्रश्नाकडे आताच पाहण्याची गरज आहे.

पनवेलचे आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह हे आता या परिसराच्या सांस्कृतिक जीवनाचे केंद्र झाले आहे. व्यावसायिक नाटकांचे प्रयोग येथे होतात. ‘अटल करंडक’ या राज्यस्तरीय एकांकिका स्पर्धेच्या निमित्ताने राज्याच्या निरनिराळ्या भागांतील तरुण संघही येथे येतात. या किंवा अशा कोणत्याही स्पर्धेला सलग दोन दिवस हजेरी लावणाऱ्या प्रेक्षकाच्या एक गोष्ट लक्षात आल्यावाचून राहत नाही. महाविद्यालयीन तरुणांना सामाजिक विषयांची ओढ मोठी आहे. कधी आदिवासी वाडीवरील वेठबिगारी, कधी जातीबाहेरच्या विवाहाचा रक्तरंजित शेवट, कधी पालावरचे भटके कुटुंब, तर कधी उतारवयातील तमाशा कलावंतीण. बहुतेकदा लेखक, दिग्दर्शक आणि नट यांचा त्या समाजाशी जन्माचा संबंध नसतो. हेतू मात्र प्रामाणिक असतो.

हा प्रामाणिक हेतू पुरेसा आहे का, हा खरा प्रश्न आहे. दुसऱ्याच्या दुःखाविषयी आस्था वाटणे वेगळे आणि ते दुःख मांडण्याचा अधिकार हाती घेणे वेगळे. या दोन गोष्टींमधील अंतर ओळखले, तर बाहेरचा माणूस त्या रंगभूमीचा मित्र होऊ शकतो. ते ओळखले नाही, तर सहानुभूतीच्या नावाखाली आणखी एक मक्तेदारी उभी राहते. मराठी रंगभूमीच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या वाटचालीत या दोन्ही प्रकारांची उदाहरणे सापडतात.

नाट्यगृहावरील नाव आणि नावामागची माणसे

सुरुवात पनवेलपासूनच करता येईल. ज्यांचे नाव नाट्यगृहाला दिले आहे, ते वासुदेव बळवंत फडके तालुक्यातील शिरढोणचे. इंग्रजी सत्तेविरुद्ध १८७९ मध्ये त्यांनी उठाव केला, तो प्रामुख्याने रामोशी साथीदारांच्या बळावर. त्यांतील दौलतराव नाईक हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दौलतराव आणि त्यांच्या साथीदारांनी पनवेलजवळच्या पळस्प्यावर धाड घातली आणि घाटमाथ्याकडे परतताना इंग्रज फौजेशी झालेल्या चकमकीत ते मारले गेले. पळस्पे फाट्यावरून रोज हजारो वाहने जातात, पण दौलतरावांचे नाव किती प्रवाशांना ठाऊक असेल?

फडक्यांच्या त्यागाचे मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही. एका ब्राह्मण कारकुनाने रामोशांना बरोबर घ्यावे, त्यांच्यासह डोंगरदऱ्यांत हिंडावे, हे त्या काळात विलक्षणच होते. परंतु स्मरणाची वाटणी कशी होते, हे या उदाहरणातून स्पष्ट दिसते. खांद्याला खांदा लावून लढलेल्यांपैकी एकाचे नाव दर्शनी भागावर येते आणि दुसऱ्याचे इतिहासग्रंथाच्या आतल्या पानांत राहते. रंगभूमीवरील श्रेयाचेही बहुतेक वेळा असेच होते.

कोण ठरवणार?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. शेतकरी कुटुंबाची धर्माच्या नावाखाली होणारी लुबाडणूक आणि शिक्षणाची आवश्यकता हा त्याचा विषय. हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले, पण तेथे ते नाकारले गेले. ते छापून आले १९७९ मध्ये, म्हणजे लेखनानंतर तब्बल १२४ वर्षांनी. नाटक होते, नाटककार होता, विषयही ज्वलंत होता. नव्हता तो केवळ निर्णयाचा अधिकार. कोणते नाटक लोकांपुढे यावे, हे ठरविणारे लोक वेगळे होते.

पुढे सत्यशोधक जलशांनी आणि त्यानंतर आंबेडकरी जलशांनी ही अडचण आपल्या परीने सोडविली. त्यांनी कोणत्याही समितीची वाट पाहिली नाही. तमाशाचा गण, बतावणी, वग हा ओळखीचा साचा घेतला, त्यातील देवस्तुतीच्या आणि शृंगाराच्या जागी प्रबोधन आणले आणि वस्तीच्या मोकळ्या जागेत प्रयोग सुरू केले. नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी १९३० च्या दशकात असे जलसे गावोगाव नेत होते. त्यांना नेपथ्य लागत नव्हते, प्रकाशयोजना लागत नव्हती आणि नाट्यगृहाची तारीख तर नव्हतीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची चळवळ निरक्षर माणसांपर्यंत पोहोचविण्यात या जलशांचा वाटा फार मोठा आहे.

आपल्याकडील नाट्येतिहासात मात्र १८४३ चे सांगलीतील ‘सीता स्वयंवर’, त्यानंतरची संगीत नाटके, मग व्यावसायिक आणि प्रायोगिक रंगभूमी अशी सरळ रेषा आखली जाते. जलसा तिच्यात एखाद्या परिच्छेदापुरता येतो. जलसा हे ‘प्रचाराचे साधन’ आणि नाट्यगृहातील प्रयोग ही ‘कला’, असा भेद नकळत केला जातो. हा भेद करण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला, हे विचारण्याची वेळ बाहेरच्या प्रेक्षकाने स्वतःवर आणली पाहिजे. जलशाचा आदर करायचा, तर आधी त्याला कलाप्रकार म्हणून त्याच्या स्वतःच्या कसोट्यांवर पाहावे लागेल.

महाडचा धडा

बाहेरच्या माणसाने सोबत कसे यावे, याचा एक पाठ आपल्या रायगड जिल्ह्यातच सापडतो. तो नाटकाचा नसला, तरी नाटकवाल्यांना उपयोगी पडणारा आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहात १९२७ मध्ये सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही दलितेतर मंडळी सहभागी होती. टिपणीस महाड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडला तो सहस्रबुद्धे यांनी, आणि ते जन्माने ब्राह्मण होते. सत्याग्रहात ब्राह्मणांना घेऊ नये, अशी अट ब्राह्मणेतर चळवळीतील जेधे आणि जवळकर यांनी घातली असता बाबासाहेबांनी ती मानली नाही.

या घटनेच्या दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत. जन्मावरून कोणालाही दूर ठेवायचे नाही, हे बाबासाहेबांनी ठरविले. म्हणजेच ‘बाहेरच्यांना येथे प्रवेश नाही’ अशी भूमिका दलित चळवळीने मुळात घेतलेलीच नाही. मात्र कोणाला घ्यायचे हा निर्णय नेतृत्वाने, म्हणजे ज्यांचा प्रश्न होता त्यांनी घेतला. टिपणीस, चित्रे आणि सहस्रबुद्धे यांनी तो मान्य केला. त्यांनी आपली पदे, आपला वेळ आणि आपली प्रतिष्ठा चळवळीच्या कामी लावली. चळवळीची दिशा आपल्या हाती घेतली नाही. सोबत येणे म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या करता येणार नाही.

रंगभूमीवर हीच वृत्ती ‘युगयात्रा’ या नाटकात दिसते. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ते १९५५ मध्ये लिहिले. अस्पृश्यतेचा युगायुगांचा प्रवास मांडणारे हे नाटक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांच्या उपस्थितीत सादर केले आणि १९५६ मध्ये धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीच्या इतिहासात ते मानाने नोंदले जाते. चिटणीस स्वतः दलित नव्हते. पण ते ज्या संस्थेत काम करीत होते, ती बाबासाहेबांनी उभी केलेली होती. रंगमंचावर उभे राहणारे विद्यार्थी त्या अनुभवातून आलेले होते आणि समोर बसलेला प्रेक्षकही तोच होता. नाटक चुकले असते, तर तेथल्या तेथे सांगणारी माणसे सभोवती होती. लेखक बाहेरचा असूनही नाटक बाहेरचे झाले नाही, ते या व्यवस्थेमुळे.

एकाच विषयाची दोन नाटके

याच्या तुलनेत विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ची हकीकत पाहण्यासारखी आहे. हे नाटक १९८३ मध्ये रंगमंचावर आले. समाजवादी नेते नाथ देवळालीकर यांची कन्या ज्योती ही अरुण आठवले या दलित कवीशी विवाह करते आणि त्याच्या हिंसक वर्तनाने उद्ध्वस्त होते, असे त्याचे कथानक. दलित वाचक-प्रेक्षकांतून त्यावर तीव्र टीका झाली. एक सुशिक्षित दलित तरुण प्रथमच मोठ्या रंगमंचाच्या केंद्रस्थानी आला आणि तो बायकोला मारणारा म्हणून आला, ही वेदना त्या टीकेमागे होती. पुढे १९९३ च्या सरस्वती सन्मानासाठी याच नाटकाची निवड झाली. या नाटकापायी आपल्या दिशेने चप्पलही भिरकावली गेल्याचा उल्लेख तेंडुलकरांनी तो सन्मान स्वीकारताना केला होता.

तेंडुलकरांना दलितांविषयी आकस होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नाटकाचा रोख भाबड्या आदर्शवादावर आहे, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते आणि ते चूक नाही. अडचण निराळीच आहे. नाथांच्या घरातील प्रत्येक व्यक्तीला नाटकात घर आहे, भूतकाळ आहे, शंका घेण्याची मुभा आहे. अरुण मात्र त्या घरात बाहेरून येतो आणि बाहेरूनच दिसतो. त्याची वस्ती, त्याची माणसे आपल्याला भेटत नाहीत. नाटक ज्या दिवाणखान्यात घडते, त्या दिवाणखान्याची दृष्टी हीच नाटकाची दृष्टी होते.

याच दशकातील दत्ता भगत यांच्या ‘वाटा पळवाटा’मध्येही दलित नायक आणि त्याची ब्राह्मण पत्नी आहे. पण येथे प्राध्यापक सतीश एकटा नाही. बाबासाहेबांबरोबरच्या काळातील काका आहेत, चिडलेला तरुण अर्जुन आहे, स्वतः सतीश आहे. तिघांच्या वाटा वेगळ्या आहेत आणि तिघे एकमेकांशी कडाडून भांडतात. दलित समाज म्हणजे एकच आवाज नव्हे, त्याच्या आतही मतभेद, चुका आणि पळवाटा आहेत, हे नाटक निःसंकोचपणे सांगते. म्हणजे दलित पात्राचे दोष दाखवू नयेत, असा हा आग्रह नाहीच. भगत ते दोष दाखवितात आणि ते खुपत नाहीत, कारण त्या दोषांच्या भोवतालचा सगळा माणूस तेथे उभा आहे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. लेखकाने केवळ स्वतःच्या जातीवरच लिहायचे का? मग कलास्वातंत्र्याचे काय? या आक्षेपाला प्रेमानंद गज्वी यांच्या ‘किरवंत’ने उत्तर दिले आहे. ‘घोटभर पाणी’ ही गाजलेली एकांकिका लिहिणाऱ्या या दलित नाटककाराने ‘किरवंत’मध्ये अंत्यविधी करणाऱ्या आणि म्हणून ब्राह्मणांतच हीन लेखल्या जाणाऱ्या पुरोहितांची व्यथा मांडली. डॉ. श्रीराम लागू यांच्यासारख्या नटाने त्यात भूमिका केली. गज्वी पुढे २०१९ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. दुसऱ्या समाजावर लिहिता येते, उत्तम लिहिता येते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांना ते साधले याचे कारण त्यांनी त्या घराचा निवाडा करण्यापेक्षा ते घर समजून घेण्याला महत्त्व दिले.

तरीही दोन्ही दिशांचा प्रवास सारखा नाही, हे नजरेआड करता येत नाही. उच्चवर्णीय कुटुंबाचे एखादे नाटक फसले, तर त्या समाजाविषयी सांगणारी शेकडो नाटके, चित्रपट आणि मालिका उपलब्ध असतात. कातकरी कुटुंबावरील एकमेव एकांकिका फसली, तर शहरी प्रेक्षकाच्या मनात तेवढेच एक चित्र कायमचे राहते. ज्यांच्याविषयी फार थोडे सांगितले गेले आहे, त्यांच्याविषयी सांगताना जबाबदारी अधिक असते, ती यामुळे.

‘संगीत बारी’ने दाखविलेली वाट

अलीकडच्या काळात या संदर्भात सर्वाधिक शिकविणारे उदाहरण ‘संगीत बारी’चे आहे. सावित्री मेधातुल यांनी लावणी कलावंतांवर २००८ मध्ये माहितीपट केला. भूषण कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक २०१४ मध्ये आले. दोघेही शहरी, दोघेही या परंपरेबाहेरचे. पुस्तकावरून रंगमंचीय प्रयोग उभा करताना एखाद्या नामवंत अभिनेत्रीला नऊवारी नेसवून उभे करणे सहज शक्य होते, आणि तिकीटविक्रीच्या दृष्टीने ते सोयीचेही ठरले असते. त्यांनी तसे केले नाही. शकुंतलाबाई नगरकर, मोहनाबाई महाळंग्रेकर यांच्यासारख्या पिढीजात कलावंतच रंगमंचावर आल्या. निवेदकांनी बाजूला राहून प्रेक्षकाला संदर्भ पुरवायचा आणि मुख्य जागा कलावंतांनी घ्यायची, अशी त्याची मांडणी आहे.

या मांडणीचा परिणाम मोठा आहे. लावणी म्हणजे ढोलकीच्या तालावरचे धावते नृत्य, अशी चित्रपटांनी करून दिलेली समजूत घेऊन येणारा प्रेक्षक बैठकीची लावणी पाहतो. एका ओळीवर बसल्या जागी, केवळ नजरेने आणि हाताच्या हालचालीने किती अर्थ उलगडता येतात, हे त्याला समजते. पुण्याचे आर्यभूषण, चौफुला, मोडनिंब येथील थिएटरांत ही कला कोणी आणि कोणत्या परिस्थितीत जपली, हेही कळते. दयेची भावना घेऊन आलेला माणूस आदर घेऊन परततो. कलावंताच्या हालअपेष्टांवर रडविणारे नाटक आणि कलावंताच्या कौशल्याने थक्क करणारा प्रयोग यांतील फरक तो हाच.

सुषमा देशपांडे यांनीही तमाशातील स्त्रियांच्या आयुष्यावर ‘तिच्या आईची गोष्ट’ हा एकपात्री प्रयोग केला आणि ‘व्हय मी सावित्रीबाई’ १९८९ पासून गावोगाव नेला. आनंद पटवर्धन यांनी शाहीर विलास घोगरे यांची आत्महत्या आणि १९९७ चे रमाबाई नगर हत्याकांड यांपासून सुरू होणारा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पूर्ण करण्यासाठी १४ वर्षे दिली. घोगरे यांचे गाणे त्यांनी आपल्या आधीच्या माहितीपटात वापरले होते. ओळख जुनी होती. या सर्वांत एक धागा समान आहे. त्यांनी वेळ दिला. महिन्याभराच्या तालमीत आणि चार संकेतस्थळे चाळून जे हाती लागते, त्याहून ते निराळे आहे.

याच्या उलट, जुन्या काळातील ‘तमाशा सुधारणे’चा प्रयत्न आठवावा. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढे अटी घालून ती उठविली आणि संहिता तपासण्याची व्यवस्था आली. मध्यमवर्गीय अभिरुचीला रुचेल असे ‘लोकनाट्य’ शहरात प्रतिष्ठित झाले. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’सारखी खुसखुशीत नाटके त्यातून मिळाली, हे खरे. पण फडावरच्या महार, मांग, कोल्हाटी कलावंतांना या नव्या प्रतिष्ठेत कितीसा वाटा मिळाला? कला शहरात आली, कलाकार मात्र कनातीतच राहिले. उसनवारी आणि सोबत यांतला फरक येथे उघड होतो.

अमेरिकेतील अनुभव

हा पेच केवळ आपला नाही. अमेरिकेत मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्या समाजांची रंगभूमी नेमक्या याच प्रश्नांतून गेली आहे. कॅलिफोर्नियात १९६५ मध्ये द्राक्षमळ्यांतील मजुरांचा संप सुरू असताना लुईस वाल्देझ यांनी ‘एल तिआत्रो काम्पेसिनो’, म्हणजे शेतमजुरांची रंगभूमी, स्थापन केली. मालमोटारीच्या उघड्या हौद्यावर उभे राहून मजूर स्वतःच मालकाची आणि मुकादमाची सोंगे वठवीत. आपल्या जलशाशी आणि १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकाशी त्याचे साम्य थक्क करणारे आहे.

याच वाल्देझ यांचे ‘झूट सूट’ हे नाटक १९७८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये आले आणि तेथे त्याने महिनोन्महिने गर्दी खेचली. चाळीसच्या दशकात त्या शहरात मेक्सिकन तरुणांवर झालेल्या अन्यायाची ती कथा होती आणि प्रेक्षकांत त्या तरुणांचीच पुढची पिढी होती. १९७९ मध्ये नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेले. तेथील समीक्षकांना ते रुचले नाही आणि जेमतेम पाच आठवड्यांत ते उतरले. नाटक तेच, बदलली ती पाहणारी नजर. आज तेथील लॅटिनो रंगकर्मींचे बाहेरच्या हितचिंतकांना सांगणे असते ते बव्हंशी साधे असते. आमची भूमिका तुमच्या नटाला देऊ नका, आमच्याबद्दलचा निर्णय आमच्यावाचून घेऊ नका आणि आमचे नाटक समजले नाही तर ते वाईट आहे असे लगेच ठरवू नका.

पनवेलपुढील प्रश्न

या पार्श्वभूमीवर पनवेलकडे पुन्हा वळायला हवे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल ही रायगड जिल्ह्यातील पहिली महानगरपालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोलीसह एक मोठे नागरी क्षेत्र एका छत्राखाली आले. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. नवे रहिवासी येत आहेत आणि नाटकाला जाणारा सुस्थित वर्ग वाढत आहे. त्याच वेळी ज्यांच्या शेतांवर, खाजणांवर आणि मिठागरांवर हे शहर उभे राहिले, तो आगरी-कोळी समाज येथेच आहे. कर्नाळ्याच्या आणि माथेरानच्या पायथ्याशी कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत. कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित मानलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी एक आहे. वसाहतींमध्ये मराठवाड्यातून आणि घाटमाथ्यावरून कामासाठी आलेली कुटुंबे आहेत, ज्यांच्या घरी भीमगीते आणि शाहिरी जिवंत आहे.

आगरी बोलीचेच उदाहरण घ्या. ती रंगमंचावर किंवा दूरचित्रवाणीवर ऐकू आली की पहिल्या वाक्यालाच हशा पिकतो. विनोद आगरी माणसालाही प्रिय आहे, त्याला हरकत नाही. पण याच बोलीत लग्नघरी धवले म्हणणाऱ्या धवलारणींची परंपरा आहे. याच बोलीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्याचा लढा उभा राहिला आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरातील गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. ज्या बोलीत एवढे मोठे शोकनाट्य घडले, ती बोली प्रेक्षागृहात केवळ हसण्याची खूण म्हणून उरत असेल, तर दोष बोलीचा नाही.

यावर उपाय अवघड नाहीत, त्यासाठी मोठा निधीही लागत नाही. पहिली बाब नाट्यगृहाच्या तारखांची. शनिवार-रविवारच्या तारखा साहजिकच व्यावसायिक निर्मात्यांना हव्या असतात. वर्षातील काही मोजक्या सुट्टीच्या तारखा स्थानिक शाहिरी पथके, जलसे, आगरी आणि आदिवासी कलापथके यांच्यासाठी सवलतीच्या भाड्यात राखून ठेवता येतील. मात्र त्या दिवशी काय सादर करायचे, कोणी करायचे आणि सूत्रसंचालन कोणी करायचे, हे त्या मंडळींनीच ठरवावे. त्यांना बोलावून पाहुण्यांच्या भाषणानंतर दहा मिनिटे देणे, याला संधी म्हणत नाहीत.

दुसरी बाब स्पर्धांची. एखाद्या समाजावरील एकांकिका सादर करणाऱ्या संघाला परीक्षकांनी एक साधा प्रश्न विचारावा : हा प्रयोग तुम्ही त्या वस्तीत करून दाखविला का? मालकाची भीती दाखविणारी एकांकिका वाडीतल्या माणसांनी पाहिली, तर ती कुठे खरी आहे आणि कुठे नाटकी, हे ती माणसे पाच मिनिटांत सांगतील. संहिता घडविताना ज्यांनी आपल्या आयुष्याच्या हकिकती सांगितल्या, त्यांचा उल्लेख श्रेयनामावलीत यावा. पारितोषिकाच्या रकमेत त्यांचा वाटा असावा का, याचाही विचार तरुणांनी करावा. परीक्षक मंडळात लोककलेतील एखादा जाणकार कलावंत असणे हेही अशक्य नाही.

तिसरी बाब तुमच्या-आमच्यासारख्या प्रेक्षकांची. १४ एप्रिलच्या सुमारास वस्त्या-वस्त्यांत जलसे आणि शाहिरी कार्यक्रम होतात. ध्वनिक्षेपकाच्या आवाजाची तक्रार करण्यापलीकडे आपला त्यांच्याशी संबंध येत नसेल, तर एकदा मागच्या रांगेत जाऊन बसावे. पहिल्या खेपेस सगळे संदर्भ कळणार नाहीत. कधी समोरून होणारी टीका आपल्यावरच आहे असे वाटेल आणि बहुधा ती असेलही. ती ऐकून घेणे, लगेच खुलासा करू न पाहणे, हाही रसिकतेचाच भाग आहे. तिकीट असेल तेथे ते विकत घ्यावे, कारण कलावंताला कौतुकाइतकीच बिदागीही लागते.

वृत्तपत्रांनाही यातून सूट नाही. मुंबई-पुण्यातील नव्या नाटकाचे परीक्षण सविस्तर येते. जलशाची बातमी आली तर ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न’ एवढ्यावर आटोपते. त्यात गायक कोण होता, वग कोणी रचला, बतावणीत नवे काय होते, याची नोंद कुठेच राहत नाही. पन्नास वर्षांनी कोणी पनवेलच्या रंगभूमीचा इतिहास लिहायला बसला, तर त्याच्या हाती पुन्हा एकाच बाजूची कागदपत्रे लागतील.

‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक २०१२ मध्ये आले तेव्हा संभाजी भगत यांची संकल्पना आणि संगीत, राजकुमार तांगडे यांचे लेखन आणि जालना जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांतले नट यांनी मुंबईची व्यावसायिक नाट्यगृहे भरून दाखविली. नंदू माधव यांच्या दिग्दर्शनाने त्याला रंगमंचीय बांधणी दिली, पण बोली, चाल आणि विनोद गावचाच राहिला. शहरी प्रेक्षकाला ते कळले नाही, असे झाले नाही. त्याने ते डोक्यावर घेतले. आपला प्रेक्षक अशा नाटकांना तयार नाही, ही सबब त्यामुळे टिकणारी नाही.

पनवेलच्या रंगमंचावर वंचितांचे विषय यावेत की नाहीत, हा वाद आता मागे पडला आहे. ते येतातच आणि यायलाच हवेत. येत्या काही वर्षांत या शहरात आणखी सभागृहे होतील, आणखी महोत्सव भरतील, समित्या नेमल्या जातील. त्या समित्यांच्या बैठकीत टेबलाभोवती कोण बसलेले असेल, यावर पुढचे बरेच काही अवलंबून राहील. ज्यांच्या जमिनीवर, ज्यांच्या श्रमांवर आणि ज्यांच्या कथांवर हे शहर उभे आहे, त्यांची खुर्ची त्या टेबलाशी पहिल्या बैठकीपासून असली पाहिजे.